पेटीची दुसरी किल्ली

४ जुलै

दादा,

पोचले, खोली मिळाली, स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासमध्ये नोकरीही लागली. तू काळजी करत बसला असशील म्हणून हे आधी. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. टेबल ठेवल्यावर दार अर्धंच उघडतं, त्यामुळे मी आडवी होऊन आत शिरते. क्लासचे सर बोलतात कमी आणि शिंकतात जास्त. माझं अक्षर बघून त्यांनी सामान्य अध्ययनाच्या नोट्स लिहायचं काम माझ्याकडे दिलं. शिवाय गावोगावचे उमेदवार टपालानं सराव परीक्षा देतात, ते पेपरही मीच तपासायचे. सकाळी पाच ते दहा माझा स्वतःचा अभ्यास. पूर्वपरीक्षा चोवीस नोव्हेंबरला. पुढच्या वर्षी माझं वय उलटतं, म्हणजे ही शेवटचीच.

आता खरी बातमी. घोकूचं पत्र आलंय. आपल्या शेजारची घोकू, जी मोठमोठ्यानं पाठ करून अख्ख्या जिन्याला इतिहास शिकवायची, ती. लिहिते, 'मुंगे, मीही यंदा शेवटचीच बसतेय. तुझ्या नोट्स मिळतील का?' हिच्या धाडसाची कमाल आहे.

तुला सगळं ठाऊक आहे तरी पुन्हा लिहिते, कारण लिहिलं की माझा राग शिळा होत नाही. तीन वर्षांपूर्वी पूर्वपरीक्षा मी पास झाले, ती नापास. माझं मुख्य परीक्षेचं प्रवेशपत्र टपालानं यायचं होतं आणि त्याच पंधरवड्यात आईला झटका आला. मी दवाखान्यात, तू कागद कारखान्यात दोन-दोन शिफ्टा करत होतास. जिन्याखालची टपालपेटी त्यांची आणि आपली मिळून एकच, किल्ल्या दोन. मी घोकूला म्हटलं, बाई गं, रोज पेटी बघ. ती रोज दवाखान्यात यायची आणि मान हलवायची, काही नाही आलं. शेवटी तू आणि मी परीक्षेच्या ऑफिसात गेलो तेव्हा परीक्षा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. कारकुनानं वही उघडून दाखवली, पत्र पाठवलेलं होतं. पोस्टमन म्हणाला, लांब पाकीट, निळा शिक्का, मीच पेटीत टाकलं. ऑफिसचा जिना उतरताना तूच म्हणालास, 'दुसरी किल्ली कुणाकडे असते, विचार कर.' मी त्यानंतर दुसरा कसलाच विचार केलेला नाही.

पुढची दोन वर्षं आईच्या उशाशी गेली. तिचं करण्याचं मला दुःख नाही. पण ते मी साहेब होऊन, रजा काढून केलं असतं तर आईनं डोळे मिटताना माझ्याकडे तसं अपराधी नजरेनं पाहिलं नसतं.

तर घोकूला मी नोट्स देणार आहे. दोन शाईंच्या, समासात टिपा असलेल्या, बघत राहाव्यात अशा. फक्त दर चार-पाच पानांवर एक गोष्ट चुकीची असेल.

वहिनींना सांग, त्यांनी शिवून दिलेला अभ्रा उशीला घातलाय.

तुझी,
मुंगी

१३ जुलै

प्रिय मुंगीस,

पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. नळाला पाणी दुपारी येतं, तेवढा बदल. तुझ्या वहिनीनं आईच्या खोलीत शिलाई मशीन मांडलंय आणि जिन्यातल्या सगळ्या बायका आता तिथेच असतात. माझी पाठ पुन्हा धरली होती. आता बरी आहे.

नोट्सचं म्हणशील तर मला वाटतं, द्यायच्या असतील तर नीट दे, नाहीतर नाही म्हणून कळव. हे तिसरं कशाला? तुझा स्वतःचा अभ्यास पडलाय. झालं ते झालं, तीन वर्षं होऊन गेली. टपालाचं म्हणशील तर हजार ठिकाणी घोळ होतात. पोस्टमनला तरी काय शंभर टक्के आठवत असणार? मी तेव्हा रागाच्या भरात काहीतरी बोललो असेन. तेच तू धरून बसली आहेस.

जेवणाची हयगय करू नकोस. खिडकी दक्षिणेला आहे की पश्चिमेला, ते कळव. उन्हाचा त्रास होईल.

दादा

२० जुलै

दादा,

खिडकी पश्चिमेला आहे. आणि तू फार भोळा आहेस.

पहिली पन्नास पानं काल टपालात टाकली. खोटं लिहिणं किती कष्टाचं काम आहे हे मला माहीत नव्हतं. धडधडीत चूक कुणालाही दिसते. चूक अशी हवी की वाचणाऱ्यानं मान डोलवावी. म्हणून मी आधी नऊ गोष्टी बिनचूक लिहिते आणि दहावी बदलते. कायदा होण्याच्या पायऱ्यांमधली तिसरी आणि चौथी उलटसुलट केली. दोन तहांची वर्षं एकमेकांना देऊन टाकली. मोटारीच्या बाजूचा आरसा बहिर्वक्र असतो, मी अंतर्वक्र केला आणि शेजारी इतकी सुरेख आकृती काढली की क्षणभर मलाच पटलं.

सगळ्यात झकास जमलंय ते जीवनसत्त्वांचं पान. रक्त गोठायला मदत करतं ते जीवनसत्त्व के. मी लिहिलं ई. आणि समासात लाल शाईनं लक्षात ठेवायची युक्ती दिली, 'रक्त दिसलं की आपण काय म्हणतो? ई. म्हणून ई.' या परीक्षेचा अभ्यास करणारे लोक एक वेळ स्वतःचा पत्ता विसरतील, पण अशी युक्ती विसरत नाहीत. घोकू तर हे जिन्यात उभी राहून म्हणेल. तुला दाराआडून ऐकू येईल, तेव्हा माझी आठवण काढ.

पत्र मात्र मी तिला मधात बुडवून लिहिलंय. 'तुला नाही देणार तर कुणाला देणार' असं.

मुंगी

८ ऑगस्ट

मुंगे,

नोट्स मिळाल्या. पाकीट फोडलं आणि आईला म्हटलं, हे बघ, ही माणसं अशी असतात. तुझ्याकडे मागायचा धीर होत नव्हता गं. त्या वर्षानंतर तू माझ्याशी धड बोलली नाहीस. मी समजत होते की तुझी आई, तुझी हुकलेली परीक्षा, तुला कुणाचंच तोंड बघावंसं वाटत नसेल. म्हणून मीही गप्प राहिले. राहायला नको होतं.

मला ती मान हलवणं अजून आठवतं. रोज दवाखान्यात येताना वाटायचं, आजही हिला नाहीच म्हणायचं. पेटी मी रोज बघायचे, एक दिवस चुकवला नाही. शेवटच्या आठवड्यात तर तुझा दादाच माझ्या आधी पेटी उघडून बघून गेलेला असायचा. मी खाली उतरले की म्हणायचा, 'मी बघितलं, काही नाही.' तोसुद्धा बिचारा किती आशेनं बघत असेल.

सकाळी सहा ते आठ तुझ्या नोट्स, मग शाळेत शिकवायला, मग पाच ते नऊ अभ्यासिका. 'ई' वाचून इतकी हसले की आईनं येऊन विचारलं काय झालं. पुढची पानं लवकर पाठव.

तुझीच,
घोकू

२० ऑगस्ट

दादा,

घोकूचं पत्र सोबत जोडलंय. दुसरा परिच्छेद वाच. वाचलास? आता ती तुझ्यावर ढकलतेय. तेही इतक्या गोड शब्दांत, की 'बिचारा' म्हणत म्हणत. तू तेव्हा दोन शिफ्टा करून उभ्या उभ्या झोपत होतास, तुला पेटी उघडायला वेळ कुठे होता?

मला वाटत होतं, एखाद वेळी ती पत्रात रडेल, कबूल करेल, आणि मग मी काय करेन याची मला जरा भीतीच होती. आता ती भीती गेली. तिनं माझ्या भावाला मध्ये ओढलं. पुढच्या दीडशे पानांत मी हात आखडता घेणार नाही.

तू तिच्याशी काही बोलू नकोस. जिन्यात भेटली तर नेहमीसारखा हस.

मुंगी

११ सप्टेंबर

प्रिय मुंगीस,

उत्तराला उशीर झाला. कारखान्यात नवीन यंत्र आलंय, ते बसेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

त्या पत्रावरून तू एवढी तापू नकोस. कुणी कधी पेटी उघडली हे इतक्या वर्षांनी कुणाला आठवतं? मीही एखाद वेळी उघडली असेल. तिला त्रास देऊ नकोस, मुंगे. मी हात जोडतो. ती सकाळी सहा वाजता दार उघडं ठेवून पाठ करते. मी तेव्हा रात्रपाळी करून जिना चढत असतो. काल ती ते 'ई'चं म्हणत होती. मी पायरीवरच बसलो. तुझ्या वहिनीला वाटलं, चक्कर आली.

सगळ्या मिळून किती चुका घातल्या आहेस? त्या मागे घेता येतील का? मी दोन दिवसांची रजा काढून तुझ्याकडे येऊ का? समोरासमोर बोलू.

दादा

६ ऑक्टोबर

दादा,

येऊ नकोस. मला एक-एक तास मोजून वापरावा लागतोय.

चुका सेहेचाळीस. मागे घेता येतील का म्हणून विचारतोस, तर ऐक. परवा सराव परीक्षेचा गठ्ठा आला. जीवनसत्त्वांवर प्रश्न मीच घातला होता. एका पेपरात उत्तर 'ई'. मी हसले, मार्क कापला. दुसऱ्यात 'ई'. तिसऱ्यात 'ई' आणि समोर कंसात, 'रक्त दिसलं की ई.' दादा, असे सतरा पेपर निघाले. सगळे आपल्या गावचे. एका मुलीनं तर माझी आरशाची आकृती जशीच्या तशी काढली होती, बाणांसकट. मी एकेक पेपर समोर धरून बसले. सतरा अनोळखी माणसं माझं खोटं आपापल्या अक्षरात लिहून मला पाठवत होती आणि मी त्यांना शून्य देत होते.

घोकूनं नोट्सच्या झेरॉक्स काढल्या. अभ्यासिकेत वाटल्या. साहजिक आहे, चांगल्या नोट्स हाती आल्या की सगळे हेच करतात, मीही केलं असतं. मला हे आधी सुचायला हवं होतं. रागाच्या तंद्रीत मला फक्त एकच वाचणारी दिसत होती.

हे सतरा जण कोण, मला माहीत नाही. त्यांतल्या कुणाचीही ही शेवटची परीक्षा असू शकते. दोन दिवस मला जेवण गेलेलं नाही. पण मग मी स्वतःला सांगते, याला जबाबदार मी नाही, ती आहे. तिनं माझं पत्र लपवलं नसतं तर मी हे लिहिलं नसतं. दादा, तू एकदा मला लिहून पाठव की हे तिनंच केलं. एवढंच एक वाक्य लिही. तुझ्या अक्षरात वाचलं की मला झोप लागेल.

मुंगी

१५ ऑक्टोबर

मुंगी,

ते वाक्य मला लिहिता येत नाही.

सोबत पाकीट आहे. लांब, निळ्या शिक्क्याचं. मी ते फोडलेलं नाही. तीन वर्षं कारखान्यातल्या माझ्या कपाटात डब्याखाली होतं.

घोकू म्हणते ते खरं आहे. मी रोज तिच्या आधी पेटी उघडत होतो. सुरुवातीला खरंच तुझ्यासाठी. मग डॉक्टर म्हणाले, आई अंथरुणातून उठणार नाही, कुणीतरी कायम जवळ लागेल. त्याच आठवड्यात माझं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हणालो, आई आजारी आहे, पण बहीण सगळं बघते. ते ऐकून ते निवांत झाले, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पाकीट आलं. ते हातात धरून मी जिन्याखाली उभा राहिलो. तू पास होणार याची मला खात्री होती. तू गेलीस की माझं लग्न मोडणार आणि आईपाशी मी एकटा उरणार, एवढंच डोळ्यांसमोर आलं. वाटलं, एक वर्ष थांबली तर काय बिघडणार आहे. खिशात घातलं.

ऑफिसात तुझ्या बाजूनं कारकुनाशी भांडलो तेव्हा पाकीट माझ्या आतल्या खिशात होतं. आणि जिना उतरताना ते किल्लीचं बोललो, कारण तू माझ्याकडे बघत होतीस. तुझी नजर दुसरीकडे वळावी म्हणून बोललो. त्यानंतर रोज वाटायचं, सांगावं. पण आधी आई होती, मग आई गेली, मग तू पुन्हा अभ्यासाला लागलीस, आणि वाटलं आता पास होईल, मग सांगू.

घोकूनं काहीही केलेलं नाही. मला काय हवी ती शिक्षा दे.

दादा

२१ ऑक्टोबर

घोकू,

हे पत्र बसून वाच.

तुला दिलेल्या नोट्समध्ये सेहेचाळीस चुका आहेत. त्या मी मुद्दाम घातल्या. यादी सोबत आहे, पान आणि ओळ लिहून, बरोबर उत्तरासकट. माझं प्रवेशपत्र तू लपवलंस असं मी तीन वर्षं धरून चालले होते. ते तू लपवलं नव्हतंस. कुणी लपवलं होतं, हे सांगायला त्यानंच तुझ्या दारात यावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून मी लिहीत नाही.

झेरॉक्स किती जणांकडे गेल्या आहेत ते तुलाच माहीत. त्यांना आजच्या आज सांग. माफी मागायला मला तोंड नाही. तू मागायला लावलीस तर मागेन.

मुंगी

२९ ऑक्टोबर

तुला मुंगे म्हणवत नाही.

यादी मिळाली. त्यातल्या चार गोष्टी मला आधीच खटकल्या होत्या. मी पुस्तक उघडलं, वेगळं दिसलं, आणि म्हटलं, पुस्तकाची छपाई चुकली असेल, मुंगी चुकायची नाही. वाचतेस ना? मी छापील पुस्तक खोडलं आणि वर तुझं लिहिलं.

तू मला विचारू शकत होतीस. 'घोकू, तू घेतलंस का?' एवढं विचारायला किती वेळ लागतो? तुझ्या आईला मी कुशीवर वळवलंय, चमच्यानं पाणी पाजलंय. तू तीन वर्षं माझ्याशी मनात भांडलीस आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाहीस.

झेरॉक्स एकतीस जणांकडे आहेत. मी यादी भिंतीवर लावणार होते, पण लावली नाही. कागद लावून तुझी सुटका का करू? तू इथे ये. अभ्यासिकेत रोज पाच ते आठ उभी राहा आणि एकेक चूक स्वतःच्या तोंडानं सांग. कशी केलीस, का केलीस, खरं काय, सगळं. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत. तुझा अभ्यास बुडेल म्हणशील, तर हो, बुडू दे. त्यांचाही तू बुडवलास.

मुक्काम आमच्याकडे कर. हे प्रेमानं म्हणत नाही. तू पळून जाऊ नयेस म्हणून म्हणतेय.

घोकू

२० जानेवारी

दादा,

दादा म्हणायची सवय आहे, म्हणून दादा.

काल निकाल लागला. घोकू पास. एकतिसांपैकी सहा जण पास. मी दोन गुणांनी गेले. ही शेवटचीच होती, ते तुला माहीत आहे.

कशी गेले ते सांगते. सदतिसावा प्रश्न जीवनसत्त्वाचा होता. खरं उत्तर मला झोपेतही येतं. पण ते खोटं मी जपून रचलं होतं, कोरून लिहिलं होतं, सतरा पेपरांत लाल शाईनं खोडलं होतं आणि मग अठरा दिवस एकतीस माणसांसमोर उभी राहून, 'हे ई मी का लिहिलं' ते सांगितलं होतं. परीक्षेच्या खोलीत प्रश्न वाचला आणि माझ्या कानात माझाच आवाज आला, 'ई'. मी 'के'वर खूण केली, खोडली, 'ई'वर केली, पुन्हा खोडली. दोन खुणा म्हणजे उत्तर बाद. आरशाचंही तसंच झालं. बाकीच्यांनी माझं खोटं अठरा दिवसांत विसरून टाकलं, कारण ते त्यांचं नव्हतं.

अभ्यासिकेतलंही तुला सांगते. पहिल्या दिवशी कुणी बसायला खुर्ची दिली नाही. एक जण म्हणाला, 'बाई, आम्ही तुमचं काय घोडं मारलं होतं?' चौथ्या दिवशी एकीनं पाण्याचा पेला पुढे केला. घोकू अठरा दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलली. जाताना म्हणाली, 'फिटलं असं समजू नकोस.' मी समजत नाही.

ते अठरा दिवस मी तुझ्या भिंतीपलीकडे झोपत होते. तुझा खोकला ऐकू यायचा. वहिनींच्या मशीनचा आवाज ऐकू यायचा. तू जिन्यात तीनदा समोर आलास आणि तीनदा तुझं तोंड उघडून मिटलं. वहिनी मला दोनदा न्यायला आल्या, 'आपलं घर असताना शेजारी का?' म्हणाल्या. तू त्यांना सांगितलेलं नाहीस, हे मला तेव्हा कळलं. घोकूलाही सांगितलेलं नाहीस. तिनं स्वतःच ओळखलं, आणि तुझ्या तोंडून ऐकायला थांबली आहे.

तू म्हणाला होतास, हवी ती शिक्षा दे. मी तीन महिने विचार केला. मला तुझ्यावर ओरडायचं नाही. चुकीच्या माणसावर सूड घेतल्यावर हात जरा जपून उचलावासा वाटतो. पण उचलायचा नाही, असं मात्र मला वाटत नाही.

मुख्य परीक्षेचं घोकूचं प्रवेशपत्र फेब्रुवारीत टपालानं येईल. लांब पाकीट, निळा शिक्का, त्याच पेटीत. तिची शाळा असते, तिची आई आता जिने उतरत नाही. पोस्टमन अकराला येतो. तू रात्रपाळी मागून घे आणि रोज अकराला पेटीपाशी उभा राहा. पाकीट आलं की चालत तिच्या शाळेत जा, तिच्या हातात दे, कागदावर सही घे. आणि ते देताना सांग, की तीन वर्षांपूर्वी असंच एक पाकीट कुणी खिशात घातलं होतं. ते सांगितल्याशिवाय पाकीट तुझ्या हातातून सुटता कामा नये.

दुसरं. माझं पाकीट मी परत पाठवतेय. मीही ते फोडलेलं नाही. ते आपल्या घरच्या पत्त्यावर आलं होतं, तिथेच राहू दे. दारासमोरच्या भिंतीवर खिळा ठोक आणि लाव. वहिनी धूळ झटकताना विचारतील, हे काय आहे. त्यांनी विचारल्यावर तू उत्तर द्यायचं. त्यांनी विचारेपर्यंत रोज त्याच्या समोरून जायचं.

घोकूची सही असलेला कागद मला पाठव. तो आल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

मुंगी

१९ फेब्रुवारी

मुंगी,

सहीचा कागद सोबत आहे.

पाकीट बुधवारी आलं. एकोणीस दिवस उभा होतो. पोस्टमननं मला बघितलं आणि ते पेटीत न टाकता हातातच दिलं, म्हणाला, 'आज तुमची सुटका.' शाळा वीस मिनिटांवर आहे. त्या वीस मिनिटांत माझा हात तीनदा आतल्या खिशाकडे गेला. काही करायचं नव्हतं. सवय नाही म्हणता येणार, एकदाच तर केलं होतं. पण गेला.

घोकू वर्गातून बाहेर आली. मी सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, सही केली, पाकीट घेतलं आणि पुन्हा वर्गात गेली. दार लावून घेतलं.

तुझ्या वहिनीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हणालो, जुना कागद आहे. बुधवारी शाळेतून आलो आणि तिला मशीनसमोरून उठवून सांगितलं. लग्नाचंही सांगितलं, तिच्या घरच्यांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते. तिनं हातातली कात्री मशीनवर ठेवली. मग म्हणाली, 'बाबांनी घरी कोण कोण असतं असं विचारलं, ते मीच विचारायला सांगितलं होतं. आजारी माणूस असेल तर मला आधीपासून तयारी करता यावी म्हणून. मी आईंचं केलं असतं. मला कुणी विचारलं का?'

मुंगी, मला हे माहीत नव्हतं. तुझं सगळं आयुष्य मी ज्या भीतीपायी खिशात घातलं, ती भीती मुळात खरीच नव्हती. मी विचारायला हवं होतं. एक वाक्य विचारायला हवं होतं.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तुला तिनं वेगळं पत्र लिहिलंय. त्यात काय आहे ते मला माहीत नाही. टाकायला मी खाली निघालो तर म्हणाली, तुम्ही नको, आणि स्वतः चौकापर्यंत जाऊन टाकून आली. तुझं पाकीट अजून भिंतीवर आहे, रोज तीच पुसते. टपालपेटीची आपली किल्ली तिनं माझ्या जुडग्यातून काढून घेतली आहे.

दादा